कोरडं अंग

पालघरजवळच्या माहीमच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली दर्पण प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता आणि त्याच्या शेजारी त्याचा वस्ताद रामकिसन. रामकिसनच्या मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची भरलेली बाटली. दोघांमध्ये हातभर अंतर. पण परवा संध्याकाळपासून दर्पणच्या पोटात घोटभर पाणी गेलं नव्हतं, आणि वस्तादाने स्वतःच्या हाताने बाटली पुढे केल्याशिवाय तो पिणार नव्हता.

बॉडीबिल्डिंगवाले याला पाणी तोडणं म्हणतात. स्टेजवर जायच्या आधी मीठ बंद, पाणी बंद, वर एक गोळी, जिने अंगातलं उरलंसुरलं पाणीही लघवीवाटे निघून जातं. मग कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते, स्नायूला चिकटते, आणि खालची एकेक शीर दोरीसारखी वर येते. लोक टाळ्या वाजवतात. म्हणतात, काय ताकद आहे. ताकद कसली डोंबलाची? त्या घडीला त्या माणसाला एखादं शेंबडं पोर ढकलून पाडेल.

पण कॅमेऱ्याला तेच हवं असतं, आणि सिनेमावाल्यांनी दर्पणला आणला होता तो त्याच्या अंगासाठीच. प्रसंग असा: वादळात सापडलेली होडी हिरो एकटा दोर धरून किनाऱ्यावर ओढून आणतो, उघड्या अंगाने. अंग दर्पणचं. तोंड हिरोचं, ते नंतर कॉम्प्युटरवर चिकटवणार. बाहेर कुठे बोलायचं नाही, ही अट. दर्पण तारापूरकडच्या मच्छीमाराचा पोरगा, बोईसरच्या केमिकल कंपनीत कंत्राटावर ड्रम चढवणारा. त्याला अटीचं काही वाटलं नाही. अंग तर दिसणार ना, म्हणाला.

रामकिसनने घड्याळ धरलं ते स्पर्धेचं, आणि घोळ झाला तो तिथेच. स्पर्धेत स्टेजची वेळ ठरलेली असते. फार तर पुढाऱ्याच्या भाषणापायी तासभर इकडेतिकडे. पोराला उभं करायच्या वेळेपासून उलटं मोजत यायचं आणि पाणी तोडायचं, हे रामकिसनला झोपेत विचारलं तरी सांगता येत होतं. दिग्दर्शकाचा सहायक कुंदन फोनवर म्हणाला होता, सकाळी आठला शॉट. रामकिसनने आठ म्हणजे आठ धरले. सिनेमात आठ म्हणजे हिरो उठेल तेव्हा, हे बोईसरच्या माणसाला कोण सांगणार?

काल सगळं हजर होतं. कॅमेरे, क्रेन, रंगवून जुनी केलेली होडी, शेकडो माणसांचा नाश्ता. हिरो तेवढा नव्हता. आणि हिरो आधी उभा राहिल्याशिवाय दर्पणचा शॉट घेता येत नव्हता. एकाच उजेडात दोघांना घ्यायचं, हिरो जसा उभा राहील तसंच दर्पणने उभं राहायचं, तरच तोंड अंगावर बसतं. दिवस मावळला, पॅकअप झालं.

त्या संध्याकाळी दर्पणला पोटभर पाणी पाजायला हवं होतं. रामकिसनने बाटलीचं बूच उघडलंही होतं. तेवढ्यात कुंदन आला, आणि बाजारात बाई पापलेट दाबून बघते तसं दोन बोटांनी त्याने दर्पणचं पोट दाबून बघितलं.

"वस्ताद, उद्या हे असंच पाहिजे हां. थोडं जरी पाणी चढलं ना, तर मुंबईहून दुसरा बोलावून ठेवलाय आम्ही."

रामकिसनने बुचात पाणी ओतलं. दोन बुचं दिली आणि ओला कापूस ओठांवर फिरवला. दर्पण स्वतःच्या तोंडाने म्हणाला, वस्ताद, मी थांबतो, काय होत नाय. तो तसं म्हणाला, हे खरंच आहे. पण ज्याने गळ्यात पट्टा बांधला त्याने कुत्र्याच्या इमानाचे दाखले देऊ नयेत.

रामकिसनची तालीम बोईसरला, एमआयडीसीच्या वाटेवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. बोर्डावर जिम लिहिलंय, पण तो तालीमच म्हणतो, आणि पोरांनी सर म्हटलेलं त्याला चालत नाही. त्याचा बाप परभणीकडचा पैलवान. कुस्तीवर पोट भरेना तेव्हा कंपन्या उभ्या राहत होत्या त्या काळात इकडे आला आणि जन्मभर पोती उचलली. गावच्या तालमीतला एक नियम बापाने सोबत आणला होता. मेहनतीनंतर पाणी प्यायचं ते वस्तादाच्या हातून. धापा टाकणारं पोर अधाशासारखं पाणी ढोसतं, छातीत भरतं, म्हणून वस्ताद आधी दम खाऊ देतो, मग तांब्या पुढे करतो. पोरांचा जीव वाचावा म्हणून केलेला नियम. रामकिसनने तो तसाच उचलला आणि पाणी तोडायच्या आठवड्याला जोडून दिला. त्याच्या तालमीत त्या आठवड्यात आईने दिलेलं पाणीही पोरं घेत नसत, आणि याचा त्याला अभिमान होता.

तालमीची मागची भिंत म्हणजे सिनेमातल्या अंगांचं देवघर. मासिकांतून, पोस्टरांतून कापलेली चित्रं, खळीने चिकटवलेली, जुनी वर आणि नवी खाली. सगळ्यात वर पौराणिक सिनेमातले भीम आणि मारुती. तेव्हा आखाड्यातले पैलवान धरून आणत आणि हातात पुठ्ठ्याची गदा देत. पुढे आलेलं पोट, खांबासारख्या मांड्या. जत्रेतल्या तंबूत बापाने खांद्यावर बसवून दाखवलं होतं, बघ, ह्याच्या घरी दुभतं आहे. तेव्हा अंग बघून लोकांना जेवण आठवायचं.

त्याखालच्या ओळीत कोट घातलेले हिरो. त्यांना अंग नव्हतंच. हडकुळा माणूस सहा जणांना लोळवायचा आणि त्या सहा जणांचे दंड मात्र हिरोच्या मांडीएवढे. मोठा दंड म्हणजे डोकं रिकामं, असं ठरलेलं. अंगमेहनत करणाऱ्याचं अंग पडद्यावर यायचं ते मार खायला. मग व्हिडीओचा जमाना, भाड्याचा टीव्ही, चाळीतले पन्नास जण एका खोलीत, आणि तेल लावलेले परदेशी देह, छातीवर बंदुकीच्या गोळ्यांचे पट्टे. रामकिसन तेव्हा मिसरूड फुटलेला. दुसऱ्याच दिवशी त्याने रंगाच्या डब्यांत सिमेंट ओतून वजनं केली. तो एकटा नव्हता, गल्लीगल्लीत पोरांनी हेच केलं. पुढे आपल्याकडच्या हिरोंनीही शर्ट काढले. आधी शिट्ट्या पोरांनी मारल्या, मग पोरींनी. बायका बघत नव्हत्या असं जो म्हणतो त्याने थेटरात मागे वळून बघितलेलं नाही. छातीवरचे केस गेले, पोटावर सहा पाव आले, मग आठ, मग शिरा. भिंतीवर वरून खाली नजर फिरवली की पोटं आत जात जातात, आणि डोळेही. पूर्वी पडद्यावर ताकद दाखवायचे, आता तहान दाखवतात.

हे रामकिसनला कळत होतं. पोरांना तो हसत हसत हेच सांगायचा. आणि तरी सगळ्यात खालच्या ओळीत त्याने एका चित्राची जागा मोकळी ठेवली होती. स्वतः तो स्पर्धेत दुसऱ्या नंबरापुढे कधी गेला नाही. आता त्याच्या हातचं अंग मोठ्या पडद्यावर येणार होतं, हजार माणसं श्वास रोखून बघणार होती. नाव येवो न येवो. ह्याच्यासाठी तो काल बुचाने पाणी मोजून थांबला होता.

आज ऊन चढलं तरी हिरोचा पत्ता नव्हता. दर्पणला घाम यायचा थांबला होता, तोंडावर राखेसारखा रंग होता. डाव्या पोटरीत मधूनच काहीतरी उडायचं, कातडीखाली उंदीर पळावा तसं. रामकिसन अंगठ्याने पोटरी चोळून ते दाबत होता आणि कुणी बघत नाही ना हेही बघत होता. एकदा दर्पण काहीतरी बोलला, पण जीभ टाळ्याला चिकटल्यामुळे शब्दच कळला नाही. विचारलं तर म्हणाला, काय नाय.

पोरगं जातं की काय, ही शंका रामकिसनच्या मनात तेव्हाच आली. दोनदा त्याचा हात पिशवीत गेला. दोनदा कुंदन लांबून ओरडला, हिरो मनोरला आला, हिरो मासवणला आला, आणि हात बाहेर आला. एवढं काढलं, आता थोडक्यासाठी कशाला, असं प्रत्येक वेळी वाटलं. बुडणारा माणूस असाच एकेक पाऊल आत जातो.

तेवढ्यात दर्पणची आई आली. काशीबाई तारापूरच्या बाजारात मासळी विकणारी, आवाज असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाची गिऱ्हाइकं वळतात. सोबत सून पूर्वी, दर्पणची बायको. माहीमच्या कुणा वाडीतून काशीबाईने सोललेलं शहाळं आणलं होतं, ते दोन्ही हातांत धरून ती रखवालदाराला बाजूला सारत सरळ आत शिरली. आधी तिने पोराकडे बघितलं. हाताची पाठ त्याच्या गालाला लावली आणि मग रामकिसनकडे वळली.

"ओ वस्ताद. माजा पोर काय बोंबील हाय, वाळत घातलाय तो?"

रामकिसन उठून उभा राहिला. काशीबाई, थोडाच वेळ, म्हणाला. हिरो पालघरला पोचलाय, एक शॉट झाला की मी स्वतः पाजतो.

"बोंबील बी आमी मेल्यावर वाळवतो," काशीबाई म्हणाली.

आसपासचे लाइटवाले हसले. त्यांना ती चेष्टा वाटली. पूर्वी हसली नाही. ती दर्पणच्या बोटांकडे बघत होती. खुर्चीच्या हातावर ती आपोआप आत वळत होती आणि तो दुसऱ्या हाताने सरळ करत होता.

काशीबाईने शहाळं पोराच्या तोंडाला लावलं. दर्पणने ओठ मिटले. नारळाच्या पाण्याचा वास त्याच्या नाकात गेला असणार, कारण त्याचा गळा आपोआप गिळल्यासारखा हलला, पण ओठ मिटलेलेच राहिले. आणि त्याने डोळे वर करून वस्तादाकडे बघितलं.

रामकिसनने मान हलवली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. त्याने खाली वाळूकडे बघितलं.

"आये, जा न," दर्पण कसाबसा म्हणाला. "लोकं बगतात."

"बगू दे. बगायलाच बसवलाय न तुला." तिने शहाळं खुर्चीपाशी वाळूत रोवलं. "आणि तोंड कुनाचं लावनार? त्या हिरोचं. आयत्या बिळावर नागोबा. तुजं तोंड काय वाईट होतं रं? मी काडलंय ते."

रामकिसनने हात जोडले, मागे बसा म्हणाला. ती मागे गेली, पण बसली नाही. होडीजवळ गावातल्या चारदोन कोळणी बघायला जमल्या होत्या, त्यांच्यात जाऊन उभी राहिली.

हिरो आला तेव्हा दुपार कलली होती. पडद्यावर असतो त्याच्या निम्मा वाटला. पन्नाशी उलटलेला, उतरलेल्या खांद्यांचा, मधूनच खोकणारा माणूस. माणूस वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे, कारण वाईट असता तर सोपं झालं असतं. आल्या आल्या त्याने उशिराबद्दल दिग्दर्शकाची माफी मागितली, मग दर्पणपाशी आला, त्याच्या दंडाला हात लावला आणि क्षणभर तसाच उभा राहिला. स्वतःचं जुनं घर दुसऱ्याला विकलेलं असावं आणि ते बाहेरून बघावं, तसं त्याचं तोंड झालं. मग तो रामकिसनकडे वळला.

"पानी-वानी दिया है ना इसको? मैंने ये सब किया है. एक बार सेट पे गिर गया था मैं."

कुंदन शेजारीच उभा होता. दर्पण बघत होता. मागे कोळणींच्या घोळक्यात काशीबाई उभी होती, पण तिला एवढ्या लांबून ऐकू येणार नव्हतं.

"दिया है, सर," रामकिसन म्हणाला.

हिरोने बरं म्हणून मान हलवली आणि आपल्या जागेवर जाऊन दोर धरून उभा राहिला. कॅमेऱ्याने त्याचं तोंड घेतलं. दात आवळून, मान ताणून त्याने ओढल्याचं सोंग केलं. दोराच्या दुसऱ्या टोकाला तेव्हा काही नव्हतंच, एक स्पॉटबॉय धरून उभा होता. पाच मिनिटांत त्याचं काम झालं आणि तो छत्रीखाली जाऊन बसला.

मग दर्पणला उभं केलं. अंगाला तेल लावलं, वर पाण्याचा फवारा मारला, वादळातला वाटावा म्हणून. ज्याच्या पोटात पाणी नाही त्याच्या छातीवरून पाणी ओघळत होतं. एक थेंब ओठाजवळ आला तो त्याने मनगटाने पुसून टाकला. रामकिसनने ते बघितलं.

होडी खरी होती, लाकडी आणि वजनदार. कोळीवाड्यात असली होडी वर घ्यायची तर खाली ओंडके टाकून, पंधरावीस जण खांदे लावून, आरोळी देत घेतात, आणि किनाऱ्यावरून जाणारा पाव्हणाही थांबून हात लावतो. इथे तिला पोलादी तार बांधली होती आणि ती तार वाळूच्या उंचवट्यामागच्या ट्रॅक्टरला. होडी ओढणार ट्रॅक्टर. दर्पणने पुढे उभं राहून दोर ताणायचा आणि होडी येईल तसं एकेक पाऊल मागे सरायचं, बस.

पहिला टेक झाला आणि सगळा किनारा गप्प झाला. दर्पणने दोर खेचला तशी त्याच्या पाठीवरून मानेपासून कमरेपर्यंत एक लाट गेली. एकेक स्नायू उठला आणि आपापल्या जागी बसला. मेकअपवाली हातात ब्रश घेऊन तशीच उभी राहिली. कोळणींपैकी एक म्हातारी हळूच म्हणाली, काय गं बाय रूप ह्यो, आणि दुसरीने तिला कोपराने ढोसलं. रामकिसन मॉनिटरच्या पडद्यावर बघत होता. त्याच्या भिंतीवरच्या एकाही चित्राला ही सर नव्हती. त्याचे डोळे भरून आले. त्या क्षणी त्याला जर कुणी विचारलं असतं की पोराला जे सोसावं लागलं ते वसूल झालं का, तर तो हो म्हणाला असता. असल्या गोष्टीला भुलणारे आपणच असतो, दुसऱ्या कुणावर ढकलू नये.

दिग्दर्शक म्हणाला, छान, अजून एक. पोट अजून कोरडं दिसायला पाहिजे.

दुसऱ्या टेकला दर्पणने दोर धरला तेव्हा त्याचे पाय थोडे फाकले. रामकिसनला वाटलं, तोल सावरतोय. ट्रॅक्टर सुरू झाला, होडीचं नाक वाळू कापत पुढे यायला लागलं. दर्पणने एक पाऊल मागे घेतलं. मग दुसरं घेतलं नाही.

मॉनिटरवर जे दिसत होतं ते देवाने घडवावं तसं होतं. पोटावरच्या वड्या एकामागून एक ताठ झाल्या, मानेची शीर हनुवटीपर्यंत चढली, दोरावरची बोटं अशी आवळली की पेरं पांढरी पडली. डोकं मागे गेलं, तोंड आभाळाकडे. कुणीतरी पुटपुटलं, क्या बात है. दिग्दर्शकाने हात वर धरला होता, कुणी बोलू नका म्हणून. तो कट म्हणत नव्हता. असा अभिनय बाहेरच्या पोराकडून मिळाला तर कोण कट म्हणेल?

तो अभिनय नव्हता. अंगातला प्रत्येक स्नायू आखडला होता. बोटं उघडत नव्हती, पाय उचलत नव्हता, आणि समोरून होडी येत होती.

रामकिसनला हे पहिल्या झटक्यातच कळलं. कॅमेऱ्याबाहेर राहणारी पावलं त्याला दिसत होती, वाळूत आत वळलेली बोटं दिसत होती. तो पुढे सरला, आणि कुंदनने त्याचं मनगट धरलं.

"वस्ताद, दोन सेकंद. फक्त दोन सेकंद द्या."

आणि रामकिसनने दिले. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हात हिसडून घेता आला असता, कुंदन त्याच्यापुढे काडी होता. पण त्याची नजर पुन्हा एकदा मॉनिटरकडे गेली.

काशीबाई मात्र मॉनिटर बघत नव्हती. चढत्या होडीपुढे उभ्या माणसाने पाय हलवले नाहीत की काय होतं, हे कोळणीला शिकवावं लागत नाही. ती धावली तशी सगळ्या जणी धावल्या, लुगड्यांचा तो घोळका थेट कॅमेऱ्यापुढे गेला, आणि तिच्या ओरडण्याने ट्रॅक्टरवाल्याने दचकून ब्रेक मारला. होडी दर्पणच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबली. दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला.

काशीबाईने पोराला मागून कवेत धरलं. तो सुकलेल्या लाकडासारखा ताठ होता. पूर्वी हातात शहाळं घेऊन पळत आली, त्याच्या तोंडाला लावलं. दात घट्ट. पाणी हनुवटीवरून खाली गेलं. त्याचे डोळे उघडे होते आणि कुणाला तरी शोधत होते. तिने पुन्हा लावलं, त्याने मान फिरवली. दात आखडल्याने बसले होते की नियमाने, कुणास ठाऊक.

काशीबाई वळली. रामकिसन अजून मॉनिटरपाशीच होता.

"वस्ताद," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता, बाजारात कधी कुणी ऐकला नसेल इतका. "या इकडं. तुमच्या हातानं द्या. तो माज्या हातानं घेत नाय."

रामकिसनने मनगट सोडवलं. सगळे कॅमेरे अजून चालू होते. त्यांच्या समोरून, उजेडातून, पोट सुटलेला, टक्कल पडलेला रामकिसन पिशवी धरून पळाला. गुडघे टेकले. बाटलीचं बूच त्याला उघडेना, दातांनी उघडलं. बोटाने दर्पणचे ओठ बाजूला केले, दातांच्या फटीतून थेंब सोडला. मग दुसरा. घे, म्हणाला, घे माझ्या राजा, मी देतोय. बऱ्याच वेळाने जबडा सुटला, आणि दर्पणने बाटली चावली.

युनिटची अँब्युलन्स होती, ड्रायव्हर जेवायला गेला होता. हिरोने स्वतःची गाडी दिली. दर्पणला मागच्या सीटवर आडवा करताना हिरो रामकिसनजवळ येऊन उभा राहिला.

"आपने तो बोला था, दिया है."

रामकिसन पुढच्या सीटवर जाऊन बसला. गाडी पालघरकडे निघाली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी आधी सलाईन लावलं आणि मग झापलं. गोळी कोणती दिली, कधी दिली, सगळं विचारलं. अजून थोडा वेळ गेला असता तर किडन्या बसल्या असत्या, हृदयही थांबलं असतं, म्हणाल्या. आता धोका टळलाय, पण पुन्हा हे केलंत तर इथे आणू नका. रामकिसनने सगळं खाली मान घालून ऐकलं.

दिवेलागणीला दर्पणला नीट शुद्ध आली. तोंडाला रंग आला होता. पूर्वी चमच्याने पाणी पाजत होती, काशीबाई पायथ्याशी बसून त्याच्या पोटऱ्या चोळत होती. दर्पणने चमचा बाजूला सारला आणि रामकिसनकडे बघितलं.

"शॉट ओके झाला?"

"नाही," रामकिसन म्हणाला. "मी मधे आलो."

"कशाला आलात?"

रामकिसनला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. दर्पण तसाच बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत राग होता. खरा, नितळ राग.

"मी थांबलेलो न, वस्ताद. एवढा थांबलेलो. अजून जरा थांबलो असतो. तुमी कशाला आलात मधे?"

काशीबाई पोटरी चोळायची थांबली. कुणी काही बोलायच्या आत रामकिसनच्या खिशातला फोन वाजला. कुंदन. काचेवर चुकीचं बोट पडलं आणि त्याचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला. मुलगा कसा आहे, विचारलं. उत्तराची वाट न बघता पुढे गेला. पहिला टेक दिग्दर्शकांना फार आवडलाय, तो वापरणार. पण दोराचे अजून तीन शॉट राहिलेत आणि अंग तेच लागणार, दुसऱ्याचं जुळत नाही. परवापर्यंत उभा राहील का?

"राहीन," दर्पण उशीवरून मान उचलून म्हणाला.

"राहणार नाही," रामकिसन फोनमध्ये म्हणाला. "तो नाही, आणि माझ्या तालमीतला कुणीच नाही."

"मंग मी तुमच्या तालमीतला नाय," दर्पण म्हणाला.

वीस वर्षं तालीम चालवली, किती पोरं आली-गेली, पण हे वाक्य रामकिसनला कुणी ऐकवलं नव्हतं. पलीकडून कुंदनने घसा साफ केला. मग तुम्ही मधे नका पडू ना वस्ताद, म्हणाला, त्याचा डायरेक्ट नंबर द्या, आम्ही त्याच्याशी बोलतो.

दर्पण कोपरावर उठला. सुई हलली, नळीत रक्त चढलं. घोगऱ्या आवाजात तो स्वतःच नंबर सांगायला लागला, एकेक आकडा, फोनला ऐकू जावा म्हणून मोठ्याने. पलीकडे कुंदन एकेक आकडा परत म्हणत होता.

रामकिसनने अर्ध्यावरच फोन कापला.

"लावा परत," दर्पण म्हणाला.

फोन पुन्हा वाजायला लागला. काशीबाई उठली, तिने रामकिसनच्या हातातून तो काढून घेतला, कमरेला खोचला आणि होती तिथे जाऊन बसली. तो तिच्या कमरेशी वाजत राहिला.

"आये, दे."

"उठून घे," काशीबाई म्हणाली. "लई ताकद हाय न तुज्यात."

दर्पणने पाय खाली टाकायचा प्रयत्न केला. तो टेकायच्या आधीच पोटरीत गोळा आला आणि तो दात खाऊन मागे पडला. पूर्वीने त्याला धरलं. त्याने तिचा हात झटकला आणि तोंड भिंतीकडे फिरवून पडून राहिला. सलाईन चढत होतं. दुपारी जी पाठ बघून अख्खा किनारा गप्प झाला होता, ती भरत, गोल होत, साध्या माणसाच्या पाठीसारखी होत चालली होती, आणि रामकिसन स्टुलावर बसून तिच्याकडे बघत राहिला.